एका नावावर दोन जागा

ताईंच्या टेबलासमोर बसलेला माणूस सुरुवातीला गोंधळायचा. त्याला वाटायचं, आपण सहल ठरवायला आलोय. ताई विचारायच्या, "जिना चढता येतो? धाप लागते? रात्री कितीदा उठावं लागतं?" माणूस बायकोकडे बघायचा. बायको खरं उत्तर द्यायची.

नुकतं लग्न झालेल्या एका जोडप्याला त्यांनी विचारलं होतं, "भांडण झालं की तुमच्यापैकी बाहेर कोण निघून जातं?"

मुलगा हसला. मुलगी म्हणाली, "हा."

"मग डोंगरावरचं हॉटेल नको. अंधार पडला की तिथे फिरायला रस्ता नाही. एका खोलीत कोंडून बसाल."

मागच्या टेबलावरून वहिनी ओरडल्या, "वन्सं, तिकिटं काढताय की सोयरीक जुळवताय?"

ऑफिस वहिनींचं होतं. ताईंच्या भावाने ते सुरू केलं आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने चालवलं. नणंद-भावजय दिवसभर एका खोलीत बसत आणि संध्याकाळी एकाच घरी जात. भांडणं वाटेत उरकत. ऑफिसात मी तिसरी. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे सहलींची पत्रकं लिहायला लागले होते. पहिल्याच पत्रकात मी 'स्वर्गीय किनारा' असं लिहिलं. ताईंनी वाचलं.

"किनाऱ्यावर सावली आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"मग ते शोध आणि ते लिही. स्वर्गाचं ज्याचं त्याने बघावं."

तेव्हापासून आमचं जमलं. त्या माझ्या आईच्या वयाच्या. दुपारचा डबा मात्र आम्ही मैत्रिणींसारखा खायचो, एकमेकींच्या डब्यात हात घालून.

ओळखीचे लोक ताईंना 'दुसरा रस्ता' म्हणत. त्यांनी आखलेल्या प्रत्येक प्रवासाला आणखी एक वाट असायची. गाडी चुकली तर कुठली, पूल बंद असला तर कुठून, हॉटेलवाल्याने हात वर केले तर कुणाकडे. गिऱ्हाइकाला बऱ्याचदा याचा पत्ताही नसे. "आमच्या वन्सं नाटकाला गेल्या तरी आधी मागचं दार शोधतात," वहिनी सांगायच्या, आणि ते खरं होतं.

ही सवय कशी लागली ते मी एकदा विचारलं. तरुणपणी ताई बसच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीत होत्या. काचेला एक गोल भोक. त्यातून सांगायचं, गाडी रद्द. माणूस विचारायचा, मग मी आता काय करू?

"ते सांगायची मला परवानगी नव्हती," ताई म्हणाल्या. "पुढे काय, हे माझं काम नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. एक बाई होती. कडेवर पोर. गाडी रद्द, म्हटलं. ती भोकाला कान लावून उभी राहिली. तिला वाटलं, माझं बोलणं अजून संपलेलं नाही."

त्या एवढंच म्हणाल्या. मग डबा बंद केला.

आमच्या गल्लीच्या टोकाला शिंपीमास्तरांचं दुकान आहे. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. दोन्ही कानांनी त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. एका कानात यंत्र असतं, पण त्याचा उपयोग जेमतेम. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते बोलणं समजून घेतात. स्वतः बोलतात ते मोठ्याने. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप ते पुकारतात तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं.

एका सकाळी मास्तर आमच्याकडे आले. ताईंच्या समोर खुर्ची ओढून बसले, अगदी जवळ.

"थोरला भाऊ आहे. परदेशात, मुलाकडे. आता फार दिवसांचा नाही."

"कधीपासून भेटला नाहीत?"

"वडिलांच्या दुकानाची वाटणी झाली तेव्हापासून. ना तो बोलला, ना मी. दोघंही एकाच बापाचे." ते हसले, पण नीट जमलं नाही. "परवा त्याने फोन केला. मला फोनवर काय ऐकू येणार? नुसती घरघर. मुलीने ऐकलं आणि मला सांगितलं. म्हणाला, ये. मला काहीतरी बोलायचंय."

"मुलीकडून निरोप..."

"मुलीजवळ तो ते बोलणार नाही. मी पण बोलणार नाही. समोर बसला की मला ओठ दिसतात." त्यांनी बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. "त्याचे ओठ हलतायत तोवर मला पोचायचंय."

पुतण्याच्या लग्नासाठी त्यांनी मागेच व्हिसा काढून ठेवला होता. लग्नाला मात्र गेले नव्हते. कागदांची अडचण नव्हती. ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळवली. बदलायची भानगड नाही, थेट. संध्याकाळी मास्तर भावाच्या खाटेजवळ असणार होते.

ते गेल्यावर ताई कॉम्प्युटरच्या पडद्यावर उद्याची विमानं बघत राहिल्या.

"सकाळी धुकं असतं सध्या," त्या मला म्हणाल्या. "विमान अडकलं, की ते भोंग्यावर पुकारणार. यांना ऐकू जाणार नाही. हे बसून राहतील आणि बाकीचे सगळे दुसऱ्या विमानात जागा पटकावतील."

"मग?"

"संध्याकाळच्या विमानात एक जागा धरून ठेवते. सकाळी हे एकदा बसले, की सोडून देईन."

असं त्या नेहमी करत. पण दुसऱ्या कंपनीच्या विमानात. त्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे जागा नव्हती. ताईंनी त्याच कंपनीच्या संध्याकाळच्या विमानात मास्तरांच्या नावाने दुसरी जागा घेतली.

"चालतं असं?" मी विचारलं.

"पूर्वी चालायचं. फोनवर माणूस असायचा. त्याला सांगितलं, की तो समजून घ्यायचा." त्यांनी संध्याकाळची वेळ वहीत टिपली. "आता त्यांचं कॉम्प्युटर एका नावावर दोन जागा दिसल्या तर हरकत घेतं म्हणतात. पण इतक्या लवकर काही होत नाही. उद्या सकाळचा तर प्रश्न."

मग त्यांनी एक कार्ड लिहिलं. 'मला ऐकू येत नाही. कृपया समोर उभं राहून सावकाश बोला.' खाली ऑफिसचा नंबर. संध्याकाळी मास्तर तिकीट न्यायला आले तेव्हा त्यांनी ते कोटाच्या खिशाला टाचणीने लावलं. टाचणी त्यांनी स्वतःचीच आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ताई फोनवर होत्या. विमानतळावरच्या काउंटरवरून एक मुलगी बोलत होती. कार्डावरचा नंबर बघून तिने फोन केला होता. ती म्हणत होती की यांच्या नावावर तिकीट दिसतंय, पण जागा नाही. मागे मास्तरांचा आवाज ऐकू येत होता. ते ओरडत होते. काय ते कळत नव्हतं.

ताईंनी पडद्यावर बुकिंग उघडलं. मी त्यांच्या मागे उभी होते. दोन्ही ओळी लाल होत्या. सकाळची आणि संध्याकाळची. समोर कारण दिलं होतं: एका प्रवाशाच्या दोन जागा, दोन्ही रद्द.

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. ओळी लालच होत्या.

"संध्याकाळची तरी द्या," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

ती केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती. सकाळचीही गेली होती. विमान भरलं होतं. वेळेवर सुटणार होतं. धुकं पडलंच नव्हतं.

त्या दिवशी ताईंनी जे केलं तसं काम मी कुणालाच करताना पाहिलेलं नाही. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. आठवत होती तितक्या माणसांना त्यांनी फोन लावले. कुणाला जुनी ओळख दिली, कुणाची विनवणी केली. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटेचं एक विमान मिळालं. मध्ये एका परक्या शहरात उतरून बदलायचं. तिथे मास्तरांना पुकारणं ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी तिथल्या एका मुलीला उभं केलं. तिच्या हातात मास्तरांचं नाव लिहिलेला कागद. तिने त्यांना हाताला धरून दुसऱ्या विमानात बसवलं आणि मग ताईंना कळवलं. तोवर ताईंनी काही खाल्लं नव्हतं.

मास्तर पोचले. भाऊ त्याच सकाळी गेला होता.

पंधरवड्याने मास्तर परत आले. आले ते थेट आमच्या ऑफिसात. हातात बिस्किटांचा डबा. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांचा आवाज काही दबका नाही.

"विमानतळावर पुतण्या न्यायला आला होता," ते म्हणाले. "त्याचे ओठ हलले. मी वाचलेच नाहीत. तोंड बघूनच कळलं."

त्यांनी डबा ताईंच्या टेबलावर ठेवला.

"विमान कंपनीने दगा दिला. ते जाऊ दे. पण या बाई!" त्यांनी ताईंकडे बोट केलं आणि गिऱ्हाइकांकडे वळले. "परक्या मुलखात एक पोरगी माझ्या नावाचा कागद धरून उभी! मला म्हणाली, चला. अहो, माझा सख्खा जावई नाही उभा राहणार. तिकीट काढायचं तर यांच्याकडे काढा. माझ्यावर विश्वास ठेवा."

ताई खाली बघत होत्या. वहिनींनी बिस्किटांचा डबा घेतला. त्या पटकन म्हणाल्या, "मास्तर, चहा घेणार?"

संध्याकाळी ऑफिस बंद करताना ताई म्हणाल्या, "मी त्यांना सांगणार आहे."

"काय सांगणार?" वहिनी कुलूप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "वन्सं, तुम्ही सांगितलंत तर त्यांचा भाऊ उठून बसणार आहे का?"

"नाही."

"मग? तुमचं मन हलकं होईल, त्यांचं जड होईल. हा कुठला न्याय? आत्ता ते एका कंपनीला शिव्या घालतायत. कंपनीला काय होतंय? उद्या ते आयुष्यभर विचार करत बसतील, की ही बाई जरा कमी काळजी करती तर मी पोचलो असतो."

  वहिनींचं म्हणणं खोटं नव्हतं.

ताईंनी सांगितलं नाही. आणि मास्तरांनी पाठवलेली माणसं यायला लागली. कोटाचं माप द्यायला गेलेला प्रत्येक जण आमच्याकडे यायचा. "मास्तर म्हणाले, तुमच्यासारखं कुणी नाही." ताई त्यांच्यासाठी तिकिटं काढत. प्रश्न विचारायच्या बंद झाल्या होत्या. डबा उघडायच्या आणि माझ्याकडे सरकवायच्या. एकदा एका म्हातारीने खुर्चीवरून उठताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ताई उठून मागच्या खोलीत गेल्या. मी गेले तेव्हा त्या नळ सोडून नुसत्या उभ्या होत्या.

मग मास्तर पुन्हा आले. या वेळी ते माझ्या टेबलापाशी आले.

"पोरी, तू लिहिण्यातली ना? मला एक तक्रार लिहून दे. सणसणीत."

"कुणाविरुद्ध?"

"ती काउंटरवरची. तिच्या छातीवर नाव लावलेलं होतं, मी वाचलंय. माझी जागा तिनेच कुणाला तरी दिली. माझ्या डोळ्यांदेखत बटणं दाबत होती. पुतण्या म्हणाला, काका, नाव घेऊन तक्रार करा, तिला घरी बसवतील. बसवू देत."

मी ताईंकडे बघितलं. ऑफिसात दोन बायका थांबल्या होत्या. बहिणी असाव्यात. वहिनी हिशेब करता करता थांबल्या.

"लिहू नकोस," ताई म्हणाल्या.

मास्तरांची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना कळलं नाही. ताई उठल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आल्या.

"त्या मुलीने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. पण बोलताना मान खाली होती.

"वर बघून बोला. दिसत नाही मला."

ताईंनी मान वर केली. ओठ हलले. आवाज इतका बारीक की मलाही नीट ऐकू आला नाही. ओठ थरथरत होते. मास्तरांनी डोळे बारीक केले.

"काय? मोठ्याने बोला, बाई."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आत चला. आत बसून बोलू."

"मी तुमच्या नावावर दोन जागा घेतल्या," ताई म्हणाल्या. आता तो आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "एक सकाळची, एक संध्याकाळची. विमान अडकलं तर असू दे म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही. एका नावावर दोन जागा चालत नाहीत. कंपनीने दोन्ही काढून टाकल्या. मला नियम माहीत होता. तुमची जागा त्या मुलीने दिली नाही. माझ्यामुळे गेली."

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. बोलणं संपलं तरी बघत होते.

"एकच घेतली असती तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी पोचला असता."

"त्या संध्याकाळी तो उशीला टेकून बसला होता," मास्तर म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. एवढा लहान आवाज त्यांच्याकडे असेल असं मला वाटलं नव्हतं. "पुतण्या म्हणाला. दाराकडे बघत होता. सूप प्यायला नाही. म्हणाला, तो आला की पितो."

ताई उभ्याच होत्या. माफ करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, ते मागणंही त्यांना जास्तीचं वाटलं असावं.

मास्तर निघून गेले. थांबलेल्या दोघी बहिणी एकमेकींकडे बघून उठल्या. "उद्या येतो हं," त्यातली मोठी म्हणाली. त्या उद्याच काय, पुन्हा कधीही येणार नव्हत्या. मला वाटलं, आता वहिनी तोंड सोडतील. त्यांनी भांड्यात पाणी आणलं आणि ताईंच्या हातात दिलं.

"प्या. आणि बसा जरा. पडाल."

ताई बसल्या. वहिनी माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "आता गल्लीभर होईल. माझ्या नवऱ्याने उभं केलेलं दुकान." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हात मात्र ताईंच्या खांद्यावर होता.

गल्लीभर झालंच. दुसऱ्या दिवशी ऑफिस रिकामं. तिसऱ्या दिवशी दोन जणांनी ठरवलेल्या सहली रद्द केल्या. एक जण फोनवर हसत म्हणाला, "आमच्या किती जागा धरल्यात ते आधी सांगा." वहिनींनी फोन आपटला. ताई वेळेवर येत होत्या, वेळेवर जात होत्या. पुसलेलं टेबल परत पुसत होत्या. त्यांनी वहिनींना सांगितलं, मी उद्यापासून येत नाही. वहिनी म्हणाल्या, "घरी बसून माझं डोकं खाल. इथेच खा."

मी काहीच केलं नाही. काय करायचं असतं अशा वेळी, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग एका दुपारी एक बाई आली. मुलाकडे सुनेच्या बाळंतपणाला जायचं होतं, पहिल्यांदाच विमानात बसणार होती. ती सरळ ताईंच्या समोर जाऊन बसली.

"मास्तरांनी पाठवलं."

"कधी?" ताईंनी विचारलं.

"आत्ताच. कोपऱ्यावरून तर आले."

"सगळं सांगून?"

"हो तर. भावाचं पण सांगितलं." बाई पदराशी चाळा करत होती. "मी म्हटलं, अहो, मग मला तिथे कशाला पाठवताय? तर म्हणाले, जा तू."

ताईंनी तिला थांबायला सांगितलं. वहिनींकडे न बघता चपला घातल्या. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

मास्तर एका बाहीला काज करत होते. ताई त्यांच्यासमोर, उजेडात उभ्या राहिल्या.

"तुम्ही माझ्याकडे माणसं का पाठवता?"

मास्तरांनी बाही मांडीवर ठेवली.

"त्या काउंटरवरच्या पोरीला मी त्या दिवशी काय काय बोललो, ते तुम्ही ऐकलं नाही. ती रडली होती. रडत रडत तुम्हाला फोन लावत होती." त्यांनी सुई बाहीत खोचली. "तुम्ही गप्प बसला असता तर मी तिची भाकरीही काढून घेतली असती. आणि मला वाटलं असतं, मी भावासाठी केलं."

दुकानाबाहेरून एक हातगाडी गेली.

"लोकांना कुठेतरी पाठवायचं तर असतंच. चुका सगळेच करतात. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं नसतं. म्हणून पाठवतो. पाठवत राहीन."

ताईंचे डोळे भरून आले. त्या काही बोलायला गेल्या. मास्तरांनी हात वर करून थांबवलं.

"पण मी येणार नाही. माझ्या मुलीलाही पाठवणार नाही. तुम्ही समोर आलात की मला तो दाराकडे बघताना दिसतो. त्याला मी काय करू?"

"नका येऊ," ताई म्हणाल्या. त्यांनी ते सावकाश, पूर्ण ओठ हलवून म्हटलं.

मास्तरांना ते दिसलं. त्यांनी मान हलवली, बाही उचलली आणि सुईत नवीन दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. त्यांनी टोक ओठांत धरून ओलं केलं, पुन्हा प्रयत्न केला.  ताईंचा हात आपोआप पुढे गेला, आणि मध्येच थांबला. त्यांनी तो मागे घेतला.

आम्ही पायरी उतरलो तेव्हाही ते सुई उजेडाकडे धरून बसले होते.